सुलतानची लेक

“व्याही, माझी सून कुठाय?”

शेजारच्या मुकादम चाचींचा आवाज दोन घरांमधल्या गडग्यावरून आला, तेव्हा भाऊ, माझे वडील, चहात टोस्ट बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सून कुणाची ते अजून ठरायचंय,” ते म्हणाले. “आधी पिल्लांचा बाप कोण ते कळू दे.”

“तौबा! बाप कोण म्हणजे? माझा सुलतान सोडून ती कुणाकडे बघायची नाही. खानदानी आहे.”

“खानदानी आहे म्हणून रोज दुपारी पोस्टात जाते.”

“पत्र टाकायला जात असेल,” चाची म्हणाल्या आणि झाकलेली ताटली घेऊन सरळ आमच्या पडवीत आल्या.

सून म्हणजे आमची मांजर, गोधडी. नाव आईने ठेवलेलं. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबडे तुकडे, शिंप्याकडच्या चिंध्या जोडून कुणी शिवल्यासारखे. सुलतान हा चाचींचा तांबडा बोका. वर्षभरात तो चांगलाच सुटला होता आणि दिवसभर आमच्या परसातल्या अबोलीच्या वाफ्यात पडून असायचा. दुसरा उमेदवार पोस्टातला काळा बोका. तो पार्सलांच्या वजनकाट्यावर झोपायचा, म्हणून सगळे त्याला पोस्टमास्तर म्हणत. गोधडी दोन महिन्यांची गाभण होती, आणि तिच्या पोटात काय आहे यावर भाऊ आणि चाची गेला आठवडाभर भांडत होते.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

मी पुण्याहून दापोलीला आले होते ती भाऊंना घेऊन जायला. तीन आठवड्यांपूर्वी ते न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दीड तास तसेच पडून राहिले. गोधडी दाराशी ओरडत बसली, म्हणून चाची गडगा ओलांडून आल्या. नंतर मला फोनवर भाऊंनी सांगितलं, “जरा बसलो होतो.” खरं काय ते चाचींनी सांगितलं. भाऊंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्यात पिकत होता. माझ्याकडे पुण्यात दोन खोल्या होत्या आणि राहणारी मी एकटी.

“भाऊ, रविवारी सकाळच्या गाडीने निघायचं,” मी म्हटलं. “दोन तिकिटं काढलीत.”

“गोधडी विणार आहे.”

“ती तुमच्याशिवायही विईल.”

“विईल. पण नोंद कोण ठेवणार?”

नोंद म्हणजे मांजरांची वही. भाऊंनी चौतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं आमच्या आळीतल्या मांजरांचा जन्मदाखला ठेवला. जाड पुठ्ठ्याची लांब वही. रकाने ठरलेले: तारीख, आई, रंग, नर की मादी, आणि सगळ्यात शेवटी ‘कोणी पाहिलं’. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘स्वतः’ असायचं. क्वचित ‘चाची’ किंवा ‘सौ.’. ऐकीव माहिती डोळ्यांनी पाहिलेल्यात मिसळू नये म्हणून ही काळजी.

त्यांच्या या काळजीचा मार मी अकरावीत खाल्ला होता. तेव्हा मी त्यांच्याच वर्गात होते. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसेना, म्हणून पुस्तकातला पॅरामेशियम मी वहीत उतरवला, अंगावरच्या केसांसकट. भाऊंनी वही सगळ्या वर्गासमोर वर धरली. “कुमारी शिगवण, तुमच्या काचपट्टीवर हवेचा बुडबुडा आहे. त्याला केस कुठून फुटले?” दहापैकी शून्य. घरी आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. भाऊंचं एकच म्हणणं होतं. दिसेल ते लिहायचं, हवं ते नाही.

“पुण्यातही मांजरं आहेत,” मी म्हटलं.

“त्यांच्या आया मला माहीत नाहीत.”

चाचींनी ताटलीवरचा रुमाल काढला. नारळाच्या वड्या होत्या. “मला एक सांगा, सर. पिल्लाच्या रंगावरून बाप कळतो, हे तुम्ही कुठल्या जोरावर बोलता? आमच्यात तीन पोरं, तीन रंगांची. मग मी काय समजायचं?”

“माणसाचं सोडा. मांजराचं सोपं आहे.” भाऊ खुर्चीत पुढे सरकले. आई गेल्यापासून त्यांना इतकं उत्साहात मी पाहिलं नव्हतं. “समजा, खिसे आहेत. एका खिशात एकच रंग राहतो, तांबडा नाहीतर काळा. मांजरीला असे खिसे दोन. एक आई भरते, एक बाप भरतो. बोक्याला खिसा एकच, तो आईच भरते.”

“आणि बाप मुलाला काय देतो?”

“या बाबतीत काही नाही.”

“आमच्या यांच्यासारखंच की.”

“गोधडीच्या एका खिशात तांबडा, दुसऱ्यात काळा, म्हणून ती अशी ठिगळांची. पांढऱ्याचा कारभार निराळा, तो सोडून द्या. आता सबंध तांबडी मादी व्हायची तर दोन्ही खिशांत तांबडा हवा. एक गोधडी देईल. दुसरा…”

“माझा सुलतान!”

“सुलतान बाप असेल तर. पोस्टमास्तरकडे तांबडा नाहीच. त्याची मुलगी एकतर काळी, नाहीतर आईसारखी ठिगळांची. म्हणजे तांबडी मादी निघाली तर सुलतान, काळी मादी निघाली तर पोस्टमास्तर.”

“आणि तांबडा बोका निघाला तर?”

“तर काहीच कळत नाही. तो आईचा खिसा.”

मी वडी खात होते. भाऊ माझ्याकडे वळले.

“असं करू, विशू. एक जरी तांबडी मादी निघाली, तर मी पुण्याला येतो. वही, चष्मा, औषधं, सगळं घेऊन. नाही निघाली तर मी इथेच राहणार, आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. फोनवरसुद्धा नाही.”

“तुम्ही तुमचं म्हातारपण मांजरावर लावताय?”

“पोरीपेक्षा मांजर निःपक्षपाती.”

मी मनातल्या मनात गणित केलं. सुलतान बाप असेल तर चारातलं एक पिल्लू तांबडी मादी. चार पिल्लं झाली, तर निदान एक तरी निघायची शक्यता दोन तृतीयांशाच्या वर. सुलतान चोवीस तास आमच्या परसात, पोस्ट लांब. याहून बरा सौदा मला भाऊंकडून मिळणार नव्हता.

“चाची साक्षीदार,” मी म्हटलं.

चाचींनी एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा वाफ्यात पसरलेल्या सुलतानकडे, आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, शेजार सुटायच्या कल्पनेने त्यांना भरून आलं.

गोधडी शनिवारी सकाळी व्याली. आईच्या शिवणयंत्राखाली चिंध्यांची टोपली होती, ती मी हलवली नव्हती आणि भाऊंनीही नाही. तिने तीच निवडली. अकरा वाजता आतून बारीक चिवचिव ऐकू आली. चार पिल्लं होती, चिंध्या कुठल्या आणि पिल्लं कुठली हे चटकन कळत नव्हतं.

“घाई नको,” भाऊ म्हणाले. “तिला चाटू दे, पाजू दे.”

आम्ही तिघं दोन तास तिथे फरशीवर बसून होतो, बारशाला लवकर आलेल्या पाहुण्यांसारखे. शेवटी चाचींनी घरून मांदेली आणली आणि गोधडी वासाने परसात गेली.

“आता,” भाऊ म्हणाले. “विशू, तू बघ. माझ्या डोळ्यांना एवढं बारीक दिसायचं नाही. नर असेल तर शेपटीखाली विसर्ग दिसेल, दोन ठिपके, एकमेकांपासून लांब. मादी असेल तर उलटं उद्गारचिन्ह. वर ठिपका, खाली लगेच बारीकशी फट.”

मी पहिलं उचललं. काळं, पोट पांढरं. “विसर्ग. नर.”

“दे.” त्यांनी तळहात पुढे केला, पिल्लू खिडकीच्या उजेडात डाव्या डोळ्याजवळ नेलं, अंगठ्याने शेपटी वर केली. “नर,” म्हणाले आणि वहीत लिहिलं.

दुसरं ठिगळांचं होतं. “ही मादीच असणार,” मी म्हटलं.

“असणार नको. बघ.”

बघितलं. मादीच होती. त्यांनीही बघितलं आणि लिहिलं.

तिसरं पार काळं. शेपटीखाली उलटं उद्गारचिन्ह अगदी छापल्यासारखं होतं. मी ते उजेडात धरून पुन्हा पाहिलं.

“काय?”

“मादी.”

भाऊंनी पाहिलं, मान हलवली. “काळी मादी. पोस्टमास्तर,” एवढंच म्हणाले. जिंकत असल्याचा आनंद त्यांनी तोंडावर दाखवला नाही, हे मला जास्त लागलं. चाची बाहेर वाफ्याकडे बघत होत्या.

चौथं तांबडं होतं. मी ते उचललं, शेपटी बाजूला केली. दोन ठिपके. लांब लांब. चौथीतल्या मुलानेही ओळखला असता असा विसर्ग.

न्हाणीघराचं दार बसल्या जागेवरून दिसत होतं. चाचींनी त्या दिवशी कडी तोडली होती, नवी अजून बसवली नव्हती. उद्या मी एकटीच गाडीत बसेन, दुसरं तिकीट परत करीन, कुलूप उघडून घरात शिरेन. पुन्हा विषय काढायचा नाही. फोनवरसुद्धा नाही.

“मादी,” मी म्हटलं.

भाऊंचं पेन वहीवर थांबलं.

“नीट बघ,” भाऊ म्हणाले.

“बघितलं. मादी आहे.”

त्यांनी तळहात पुढे केला. मी पिल्लू दिलं. त्यांनी ते खिडकीकडे नेलं, डोळ्याजवळ धरलं. अंगठा शेपटीखाली थांबला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, जरा बाजूला.

“पण सर,” चाची मध्येच म्हणाल्या, “काळी पोस्टमास्तरची म्हणालात ना? मग तांबडी सुलतानची कशी? टोपली तर एकच आहे.”

माझं त्याकडे लक्षच गेलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. काळी मादी आणि तांबडी मादी एका बापाच्या असूच शकत नाहीत, आणि हे मला त्या घरातल्या इतर कुणाहीपेक्षा कमी माहीत नव्हतं. मी पिल्लासाठी हात पुढे केला. ‘पुन्हा बघते’ म्हणायला तोंड उघडलं.

“होतं तसं,” भाऊ शांतपणे म्हणाले. “मांजरांत एका वेतात दोन बाप असू शकतात.”

“तौबा!” चाची म्हणाल्या. “आणि मी खानदानी म्हणत होते!”

भाऊंनी पिल्लू माझ्या हातात दिलं आणि वही मांडीवर घेतली. बराच वेळ लिहीत होते. मग पेनाला टोपण लावलं.

“हरलो,” ते म्हणाले. “मात्र पिल्लं आईवेगळी व्हायला आठ आठवडे लागतात. तेवढी मुदत दे. सुलतानच्या लेकीला मी बरोबर घेऊन येतो.”

ते आठ आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पिल्लू दिवसागणिक वाढत होतं, आणि त्याच्याबरोबर पुरावाही. दर फोनला मी विचारायची, “पिल्लं कशी आहेत?” भाऊ सांगायचे, “काळी पोस्टात गेली. बापाकडे. सुलताना मजेत.” नाव त्यांनीच ठेवलं होतं. मी मनाशी म्हणायची, मोतीबिंदूचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

भाऊ खरोखरच आले. गोधडी चाचींकडे राहिली, अखेर सून म्हणून. भाऊंच्या एका हातात वही, दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. महिन्याभरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, नवा चष्मा आला, आणि ते माझ्या बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. सुलताना त्यांच्यासमोरून शेपटी ताठ उभी करून सावकाश चालत गेली. भाऊंनी वर्तमानपत्र खाली केलं आणि ती स्वयंपाकघरात दिसेनाशी होईपर्यंत मागून पाहत राहिले. मी भिंतीला टेकून उभी.

“मादीच्या मानाने थोराड आहे,” ते म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले.

पुढे गालफडं फुगलेला, साडेसहा किलोचा, जिन्यातल्या प्रत्येक बोक्याशी मारामारी करणारा तो प्राणी आमच्या घरात सुलताना म्हणूनच राहिला. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, “आजोबा, हा बोका आहे.” भाऊ म्हणाले, “असेल. आमच्याकडे नोंद मादीची आहे.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही छताकडे बघत होते. आम्ही या विषयावर अकरा वर्षांत एक शब्द बोललो नाही. त्यांना नीट दिसायला लागल्यावर कळलं असणार आणि तोवर पुणं अंगवळणी पडलं असणार, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. ती वही मी कधी उघडली नाही. आपलं खोटं त्यांच्या अक्षरात वाचायची हिंमत नव्हती.

भाऊ गेले त्याला आता पाच आठवडे झाले. गेल्या रविवारी चाची आल्या, मुलाची गाडी घेऊन. ऐंशी पार झालेल्या, गुडघे गेलेले, हातात रुमालाने झाकलेली तीच ताटली. भाऊंच्या खुर्चीत सुलताना झोपली होती. चाची समोर बसल्या. सुलतानाकडे बघत राहिल्या. मी चहा आणला.

“हीच का माझी नात?” त्यांनी शेवटी विचारलं.

माझ्याच्याने राहवलं नाही. “चाची, एक सांगायचंय. हा बोका आहे. मी त्या दिवशी खोटं बोलले.”

“ते माहीत आहे.”

“कसं?”

“खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. लहानपणापासून. माझ्या पेरूच्या झाडाला ते चांगले ओळखीचे आहेत.” त्यांनी वडी माझ्यापुढे सरकवली. “आणि दुसरं…” घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला. “सुलतानला सरांनीच जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. वर्षभर आधी. फार मारामाऱ्या करायचा ना. भाजीच्या पिशवीत घालून नेला, आणि आणला तो निवांत करून. मी त्यांना कसम घातली होती, कुणाला बोलायचं नाही. बोका झाला तरी त्याला इज्जत आहे.”

मला समजायला थोडा वेळ लागला.

“म्हणजे पैज लावली तेव्हाच…”

“तांबडी मादी निघणारच नव्हती, बेटा. तू चार सोड, चाळीस शेपट्या उचलल्या असत्यास तरी. मी तोंडाला पदर लावून किती हसले असेन त्या दिवशी! म्हटलं, काय पाजी मास्तर आहे. पोरीला घरी पाठवायची पक्की सोय केली.”

“मग आले का?”

“मीही तेच विचारलं. तू रविवारी गेलीस, आणि ते गडग्याशी उभे. म्हटलं, सर, पोरीने ढळढळीत फसवलं, तुम्ही गप्प कसे? तर म्हणाले, ‘आधी मी तिला फसवलं.’ मग म्हणाले, ‘चाची, त्या शून्यापासून ही पोरगी माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. मला वाटत होतं, माझ्या काळजीने मागे लागलीय. तसं नाही. तिची आई गेल्यापासून तिलाच घरात कुणीतरी हवंय.’”

मी कप उचलले आणि आत निघाले. दोन्ही कप भरलेले होते, ते दारापाशी गेल्यावर लक्षात आलं. परत आणून ठेवले.

“वहीत काय लिहिलंय बघितलंस?” चाचींनी विचारलं. “मला ते काही दाखवेनात.”

वही कपाटात, चष्म्याच्या घराखाली होती. पान शोधायला लागलं नाही, शेवटचंच होतं. पुण्याला आल्यावर त्यांनी एकही नोंद केली नव्हती. चार ओळी. काळा-पांढरा, नर. तिरंगी, मादी. काळी, मादी. तांबडी, मादी. मी बोट शेवटच्या रकान्यावर नेलं आणि चाचींना वाचून दाखवलं.

“स्वतः. स्वतः. स्वतः.” चौथ्या ओळीत, त्याच सुबक अक्षरात: “कु. शिगवण.”

चाची आधी हसल्या आणि मग डोळे पुसले. मीही तेच केलं, फक्त क्रम उलटा. वहीत भाऊंनी कुठे खोटं लिहिलं नव्हतं. खोटं माझ्या नावावर रीतसर जमा होतं, आणि ते त्यांनी अकरा वर्षं सांभाळलं होतं.

चाचींनी खुर्चीतल्या सुलतानाला दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतलं, चष्मा नाकावर चढवला, शेपटी बाजूला केली आणि निरखून पाहिलं. घाई केली नाही. सुलतानाने एक डोळा उघडून पुन्हा मिटला.

“मादी,” त्या म्हणाल्या. “लिही. माझंही नाव लिही तिथे.”

मी भाऊंच्या पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या नावापुढे लिहिलं: चाची.